वावरात नंबर असलेली रिंग, पट्टा किंवा डबा सापडला? खिशात टाकण्याआधी हे वाचा

यवतमाळ : समजा, कापूस वेचता वेचता धुऱ्यावर एक मेलेला पक्षी दिसला. पायात चांदीसारखी चमकणारी बारीक रिंग, तिच्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे. आता काय करायचं? एक जण म्हणतो, "काढून घे, पोराला खेळायला होईल." दुसरा म्हणतो, "हात नको लावू भाऊ, मागे झंझट लागेल." तिसरा काहीच म्हणत नाही. तो फोटो काढतो आणि गावाच्या ग्रुपवर टाकतो, 'गुप्तहेर पक्षी सापडला'. तासाभरात तो फोटो तीन तालुके फिरून येतो. फक्त त्या रिंगची वाट पाहणाऱ्या माणसापर्यंत तो पोचत नाही.

अशा वस्तू आपल्या भागात सापडू शकतात. पक्ष्याच्या पायातली रिंग, मानेतला रंगीत पट्टा, गिधाडाच्या पाठीवरचं जीपीएस यंत्र, वाघाच्या गळ्यातली रेडिओ कॉलर, नाहीतर आभाळातून पडलेला हवामान खात्याचा डबा. वस्तू वेगवेगळ्या, पण एक गोष्ट सगळ्यांत सारखी आहे. ती वस्तू कोणाची तरी आहे, आणि तो माणूस बातमीची वाट पाहतो आहे. म्हणून ती सापडली तर काय करायचं, घरात आधीच पडून असेल तर काय करायचं आणि शेजाऱ्याकडे असेल तर काय बोलायचं, हे समजून घेऊ.

त्या नंबरचा अर्थ काय?

रिंगवरचा नंबर म्हणजे त्या पक्ष्याचं आधार कार्ड समजा. एक नंबर एकाच पक्ष्याला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं, म्हणजे बीएनएचएसनं, १९२७ मध्ये धार संस्थानात पक्ष्यांना रिंग घालायला सुरुवात केली. रिंग ॲल्युमिनियमसारख्या हलक्या धातूची असते. तिच्यावर नंबर असतो आणि 'बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर थोडक्यात कोरलेला असतो. म्हणजे काय करायचं ते रिंगच सांगते!

ही रिंग काही सिग्नल देत नाही. तिच्यात बॅटरी नाही, यंत्र नाही, कॅमेरा तर मुळीच नाही. कोणीतरी नंबर वाचून कळवला तरच ती बोलते. रिंग घातलेल्या बहुतेक पक्ष्यांची पुन्हा कधीच बातमी येत नाही. त्यामुळे वावरात सापडलेल्या एका रिंगचीही किंमत मोठी असते. नंबर जुळला की हा पक्षी कुठून निघाला, किती वर्षं जगला आणि किती किलोमीटर उडून इथं आला, हे कळतं. हिवाळ्यात इसापूर, बेंबळा, अरुणावती यांसारख्या धरणांच्या पाण्यावर दूरदूरचे पक्षी उतरतात. पट्टकदंब हंस तर मंगोलिया आणि तिबेटकडून हिमालय ओलांडून भारतात येतो. त्यातल्या काहींच्या मानेत रंगीत पट्टा असतो, म्हणजे दुर्बिणीतून लांबूनच नंबर वाचता येतो.

जीपीएस यंत्राची गोष्ट वेगळी. ते स्वतःच ठिकाण कळवतं. पण ते बंद पडलं, गळून पडलं किंवा कोणी काढून घरात ठेवलं, की तेही मुकं होतं.

आपल्या टिपेश्वरचा 'वॉकर'

यंत्रानं काय कळतं, याचं सगळ्यांत मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण नर वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. कागदावर त्याचं नाव टी१-सी१, पण लोकांनी त्याला 'वॉकर' केलं. पावसाळ्याच्या तोंडावर तो टिपेश्वरमधून निघाला. यवतमाळ जिल्ह्यातून तेलंगणात, तिथून परत महाराष्ट्रात, हिंगोली, वाशिम, अकोला असं करत तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळी चाल मिळून ३,००० किलोमीटरच्या वर गेली. कॉलरनं त्याच्या ५,००० हून जास्त जागा टिपल्या.

या प्रवासात तो किती लोकांच्या वावरातून, नाल्यातून, रस्त्याकडून गेला असेल, विचार करा. इतक्या लांबच्या वाटेत माणसांशी त्याचा संघर्ष फार कमी झाला. हिंगोली जिल्ह्यात तो झुडपात बसलेला असताना एक माणूस तिथं शिरला, त्याला इजा झाली. एरवी तो दिवसा लपायचा, रात्री चालायचा. वाघ कोणत्या वाटेनं जातो हे कळलं, तरच ती वाट मोकळी ठेवता येते आणि पुढच्या गावाला वेळेत सावध करता येतं. एप्रिल २०२० मध्ये त्याची कॉलर काढली.

कॉलर नसलेला वाघ ओळखणं किती अवघड जातं, हेही आपण पाहिलं आहे. २०२४ च्या शेवटी धाराशिवच्या येडशी रामलिंग अभयारण्यात एक वाघ दिसला. तो टिपेश्वरचा असल्याचं कॅमेऱ्यातले फोटो आणि अंगावरचे पट्टे जुळवून ठरलं. तो तिथवर कोणत्या वाटेनं गेला, ते कॉलर असती तर घरबसल्या कळलं असतं.

अडवून ठेवलं की काय होतं? मुंबईचं कबूतर

आता दुसरी बाजू. मे २०२३ मध्ये मुंबईत चेंबूरजवळच्या पीर पाव जेट्टीवर एक कबूतर सापडलं. पायात दोन रिंगा आणि पंखांवर चिनीसारखी अक्षरं. हेरगिरीचा संशय आला, पोलिसांनी ते ताब्यात घेतलं आणि परळच्या जनावरांच्या दवाखान्यात ठेवलं. पुढं चौकशीत कळलं की ते तैवानमधलं शर्यतीचं कबूतर आहे, पळून आलेलं. पण हे कळून सुटका व्हायला जानेवारी २०२४ चा शेवट उजाडला. आठ महिने ते पिंजऱ्यात होतं.

मे २०२० मध्ये जम्मूच्या कठुआ जिल्ह्यात सीमेजवळ असंच एक कबूतर पकडलं होतं. रिंगवर आकडे होते, त्यामुळे ती सांकेतिक भाषा असल्याचा संशय आला. सीमेपलीकडच्या एका गावकऱ्यानं सांगितलं की तो माझा मोबाईल नंबर आहे, कबूतर हरवलं तर कोणी कळवावं म्हणून लिहिला. काही संशयास्पद न सापडल्यानं ते कबूतर सोडून दिलं.

दोन्ही ठिकाणी शंका येणं चूक नव्हतं. सीमेवर आणि बंदरावर सावध राहावंच लागतं. पण नंबर कोणाचा, हे आधी शोधलं की निम्मा गोंधळ तिथंच संपतो.

खेळातला नियम, आपल्या कामाचा

जगभरात जिओकॅशिंग नावाचा एक खेळ चालतो. मे २००० मध्ये अमेरिकेनं जीपीएसच्या सिग्नलमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यातल्या एका माणसानं जंगलात एक बादली लपवली आणि तिच्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकले. लोक जीपीएस घेऊन शोधायला निघाले आणि खेळ सुरू झाला. आज या डब्यांमध्ये नंबर कोरलेल्या छोट्या पट्ट्या असतात. एकानं उचलायची, पुढच्या डब्यात ठेवायची, नंबर नोंदवायचा. अशा पट्ट्या देशोदेशी फिरतात.

या खेळाचे शिष्टाचार साधे आहेत. सापडलेली वस्तू आपली नाही, आपण तिचे फक्त वाहक. नंबर नोंदवायचा, पण चारचौघांत उघडा टाकायचा नाही. खूप दिवस आपल्याकडे राहिली तर मालकाला दोन ओळी लिहायच्या. कोणी अडवून ठेवली असेल तर आधी नम्रपणे विचारायचं, एकदम 'चोर' म्हणायचं नाही. आणि हरवलेली दिसली तर तशी नोंद करायची, म्हणजे दुसरा उगाच शोधत बसत नाही.

आपल्या रिंगला आणि पट्ट्याला हेच नियम लागू पडतात. फरक एकच. खेळातली वस्तू तुम्ही स्वतः पुढं न्यायची असते. वन्यप्राण्याची वस्तू मात्र स्वतः न्यायची नाही, फक्त कळवायचं.

सापडलं तर नेमकं काय करायचं?

पक्षी जिवंत आहे, पायात रिंग आहे : रिंग काढू नका. ती घट्ट बसवलेली असते, ओढाताणीत पाय मोडतो. नंबर दिसत असेल तर फोटो काढा. पक्षी उडत असेल तर उडू द्या, तुमचं काम झालं. जखमी असेल तर हवा जाईल अशा खोक्यात, अंधारात आणि शांत जागी ठेवा. तोंडात जबरदस्तीनं पाणी ओतू नका. मग वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री नंबरवर कळवा.

पाठीवर यंत्र असलेलं गिधाड : पाठीवर बारीक काळी डबी, तिच्यावर सौर पट्टी आणि बाजूनं दोर. हे पक्ष्याला त्रास होईल इतकं जड नसतं. यंत्राचं वजन साधारण पक्ष्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवायचं, असा संशोधकांचा दंडक आहे. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडं २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या ताडोब्यातून यंत्र लावून सोडली. त्यातलं एक तर थेट तमिळनाडूत पोचलं. म्हणजे उद्या एखादं आपल्या वावरात उतरलं तर नवल वाटायला नको. कुत्री आणि पोरं लांब ठेवा, पकडायला जाऊ नका, फोन करा.

पक्षी मेलेला आहे : उघड्या हातानं उचलू नका. फवारणीचं विष असू शकतं, बर्ड फ्लू असू शकतो. फोटो काढा, पण पुरू नका आणि जाळूही नका. कशानं मेला हे तपासण्यासाठी तो लागतो. गिधाडाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याची किडनी निकामी होते. भारतातली गिधाडं त्यामुळं झपाट्यानं संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही बंदी आली. मेलेलं एक गिधाड वेळेत तपासलं गेलं, तर आपल्या भागात अजून कुठं ही औषधं वापरली जातात का, हे कळू शकतं.

जमिनीवर पडलेली रेडिओ कॉलर : आधी थांबा. वाघ जवळ असू शकतो. हातात घ्यायला पुढं जाऊ नका, आल्या वाटेनं मागं फिरा. जागा लक्षात ठेवा आणि वनविभागाला कळवा. अजून एक गोष्ट. वाघाच्या गळ्यात काही दिसलं म्हणजे ती कॉलरच असेल असं नाही. कॉलर रुंद पट्ट्यासारखी असते, तिच्यावर डबी असते. बारीक तार दिसली, मान कापलेली वाटली, तर तो फास आहे. टिपेश्वरमध्ये वाघिणीच्या गळ्यात तारेचा फास रुतल्याचा प्रकार अलीकडेच घडला आहे. असं दिसलं तर एक मिनिटही न दवडता फोन करा.

आभाळातून पडलेला डबा : नागपूरच्या हवामान केंद्रातून मोठे फुगे सोडले जातात. त्यांना यंत्राचा हलका डबा टांगलेला असतो. फुगा साधारण ३० किलोमीटर उंचीपर्यंत जाऊन फुटतो, डबा खाली येतो. वाऱ्यासोबत तो आपल्या जिल्ह्यातही पडू शकतो. हा बॉम्ब नाही. पण खात्री होईपर्यंत हात न लावता पोलीस पाटलांना सांगा. पोरांना बॅटरी उघडू देऊ नका. फाटलेला फुगा आणि दोरा ढोरांनी खाल्ला तर पोटात अडकतो. डबा विजेच्या तारेवर लटकला असेल तर ओढू नका, महावितरणला कळवा.

कळवलं तर केस लागेल काय?

लोक गप्प बसतात, त्यामागचं खरं कारण ही भीती आहे. कायदा काय म्हणतो ते पाहा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३९ प्रमाणे मेलेला सापडलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता असते. ती कोणाच्या ताब्यात आली तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकाऱ्याला कळवायचं असतं. म्हणजे कळवणं हे तुमचं कर्तव्य आहे. अडचण लपवण्यानं वाढते.

सापडलेल्या वस्तूबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ आहे. मालकाला परत देण्यासाठी किंवा जपून ठेवण्यासाठी वस्तू उचलली, तर तो गुन्हा होत नाही. पण मालक कोण हे माहीत असताना किंवा शोधता येत असताना ती आपलीशी केली, तर गुन्हा होतो. नंबर कोरलेल्या वस्तूबद्दल 'मालक कोण ते कळलंच नाही' असं म्हणता येत नाही.

तुमच्या बाजूनं पुरावा ठेवा. वस्तू जशी पडली आहे तसा फोटो काढा, त्यात तारीख, वेळ आणि जागा येऊ द्या. कोणाला, किती वाजता फोन केला ते लिहून ठेवा. वस्तू हवाली करताना पंचनाम्यावर किंवा साध्या कागदावर पोच घ्या. सोबत पोलीस पाटील किंवा गावातला एखादा जाणता माणूस असला तर उत्तम.

आधीच घरात पडून असेल तर?

आजोबांनी कधीकाळी तळ्यावर सापडलेली रिंग किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली, ती आजही तशीच आहे. असं घर तुमच्याही ओळखीत असेल. घाबरू नका, फेकूनही देऊ नका. जुनी रिंगही कामाची असते. नंबरचा फोटो काढा. कोणत्या वर्षी, कोणत्या तळ्यावर आणि कोणत्या पक्ष्याच्या पायात सापडली, जेवढं आठवतं तेवढं लिहा आणि वनविभागामार्फत किंवा थेट मुंबईच्या बीएनएचएसला पाठवा. आजोबा हयात असतील तर आजच विचारून घ्या. ती माहिती फक्त त्यांच्याजवळ आहे.

दुसऱ्या कोणाकडे अशी वस्तू आहे असं कळलं तर? ग्रुपवर नाव टाकू नका. चावडीवर त्याची फजिती करू नका. नाव उघडं झालं की माणूस वस्तू नाल्यात फेकतो आणि 'माझ्याकडे नव्हतीच' म्हणतो. मग वस्तूही गेली आणि शेजारही तुटला. एकटा गाठून सांगा, "भाऊ, ती परत करून टाकू, मी सोबत येतो." बहुतेक वेळा माणूस वाईट नसतो, त्याला कोणाला द्यायचं हेच माहीत नसतं. शिकारीचा संशय असेल, तर मात्र स्वतः जाऊन विचारपूस करू नका. ते थेट वनविभागाला कळवा.

सिग्नल बंद म्हणजे चोरी नव्हे

उलटंही होतं. एखाद्या यंत्राचा सिग्नल जातो आणि शेवटची जागा एखाद्या गावाजवळ दिसते. लगेच गावावर बोट ठेवणं बरोबर नाही. बॅटरी संपते. दाट झाडीत किंवा ढगाळ दिवसांत सौर पट्टीला ऊन मिळत नाही. मोबाईल नेटवर्क नसेल तर काही यंत्रांची माहिती अडकते आणि नेटवर्क आलं की एकदम येते. दोर झिजून यंत्र झाडावर अडकतं. शोधायला आलेल्या पथकानं गावाला विश्वासात घ्यावं आणि गावानं गुराख्यांना विचारून मदत करावी. रानातला कोपरा न् कोपरा गुराख्याला माहीत असतो.

ग्रुपवर काय टाकायचं नाही

जिवंत वाघाची किंवा गिधाडाच्या घरट्याची जागा टाकू नका. लाईव्ह लोकेशन तर मुळीच नको. चांगल्या मनानं टाकलेली जागा शिकाऱ्याच्या मोबाईलवरही पोचते. 'गुप्तहेर', 'चिप', 'बॉम्ब' असले शब्द खात्री नसताना लिहू नका. फोटो पाठवायचाच तर वनरक्षकाला पाठवा.

शेवटी एका गावाची गोष्ट. नागालँडमध्ये दोयांग धरणाजवळ पांगती नावाचं गाव आहे. २०१२ मध्ये तिथल्या भागात जाळी लावून अमूर ससाण्यांची हजारोंनी शिकार झाली, त्यावर देशभर टीका झाली. पुढच्याच वर्षी लोकांनी शिकार थांबवली. नोव्हेंबर २०१३ मध्ये तीन ससाण्यांना छोटी यंत्रं लावून सोडलं, त्यांची नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. हे पक्षी मध्य भारतावरून उडत अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातात. ज्या गावाचं नाव बदनाम झालं होतं, त्याच गावाचं नाव घेऊन एक पक्षी समुद्रापार गेला.

आपल्या टिपेश्वरचं नाव वॉकरनं असंच लांबवर नेलं. उद्या कोणती रिंग, कोणता पट्टा तुमच्या वावरात येईल, सांगता येत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

- हात लावण्याआधी फोटो काढा. नंबर, जागा आणि वेळ नोंदवा.
- जिवंत प्राण्याच्या अंगावरची रिंग, पट्टा किंवा यंत्र काढू नका.
- मेलेला पक्षी पुरू नका, जाळू नका, उघड्या हातानं उचलू नका.
- वनरक्षक, पोलीस पाटील किंवा १९२६ वर कळवा. तातडीच्या वेळी ११२.
- ४८ तासांच्या आत कळवा, वस्तू देताना पोच घ्या.
- जुनी वस्तू घरात असेल तर आजही परत करता येते.
- ग्रुपवर जागा नको, कोणाचं नाव नको, अफवा नको.